भिंतीवरलं मडकं

नाथाजी कुंभाराच्या अंगणाला उत्तरेकडून कमरेइतकी भिंत होती आणि तिच्यावर बारा महिने पाच मडकी पालथी घातलेली असत. त्यांना गेरू नसे, नक्षी नसे, काठ कापून गुळगुळीत केलेला नसे. घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे. 'भिंतीवरलं' एवढंच म्हणायचं. वडूजच्या बाजूला आमच्या गावात एखादा म्हातारा फार खोकायला लागला, की पारावरची माणसं त्याला चेष्टेनं म्हणायची, "आण्णा, तुमचं भिंतीवर येऊन बसलंय बरं का." म्हातारा शिव्या द्यायचा आणि अजून चार वर्षं जगायचा.

गावात कुणी गेलं, की त्या घरचा माणूस कुंभाराच्या अंगणात येऊन उभा राहायचा. हाक मारायची नाही, बोलायचं नाही. नाथाजीची बायको शालूबाई हातातलं काम टाकून उठायची, भिंतीवरलं एक मडकं काढून जमिनीवर ठेवायची आणि पाठ फिरवून घरात जायची. हातातून हातात द्यायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. माणूस मडकं उचलून न्यायचा. त्याचे पैसे नव्हते. सुगीला सगळं गाव मिळून दाणे घालायचं, त्यात ते आलं.

आणखी एक होतं. भिंतीवरलं मडकं कुणी वाजवायचं नाही. बाकी माठ असो, घागर असो, आव्यातून, म्हणजे भाजणीच्या भट्टीतून, काढताना शालूबाई प्रत्येकाला बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघायची आणि गिऱ्हाईक घेताना पुन्हा वाजवून घ्यायचं. खण्ण वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर आहे. ह्या पाचांना मात्र भट्टीतून काढल्यापासून खांद्यावर जाईपर्यंत कुणाची टिचकी लागत नसे. म्हणून शालूबाई ती फार जपून थापायची. तिची सासू तिला सांगून गेली होती, "माठात लबाडी केलीस तर गिऱ्हाईक वाजवून माघारी देईल. ह्ये कोन वाजवनार हाय? म्हून ह्यात लबाडी करायची न्हाई." चिरलेलं मडकं मयताच्या वाटेवर गळालं तर आपलं घर बुडालं, एवढं ती समजून होती.

सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात दोघांनी साठ माठांचा आवा लावला आणि चैत्र संपत आला तरी त्यातले चाळीस लिंबाखाली पडून राहिले. गावात घरोघर अॅल्युमिनियमच्या घागरी आल्या होत्या. पडली तरी फुटत नाही, म्हणून बायका कौतुक करायच्या. त्यातलं पाणी दुपारी चहासारखं होतं, त्याचं कुणाला काही नव्हतं. नाथाजी रोज सकाळी माठ मोजल्यासारखा नुसता बघायचा आणि गाढवाला चारा टाकायचा.

अशात एका सकाळी अंगणासमोर जीप थांबली. सांगलीच्या विश्रामबागेतल्या विजयमालाबाई उतरल्या. नवरा दादासो साखर कारखान्यात मोठ्या जागेवर, घरची ऊसशेती, बंगला. बाईंनी पुण्याला सहा महिने मातीकामाचा वर्ग केला होता आणि बंगल्याच्या मोटारखान्यात विजेवरचं चाक बसवून हातानं केलेल्या भांड्यांचं दुकान काढलं होतं. स्वतः केलेली भांडी पुरत नव्हती, म्हणून त्या खेड्यांतून कुंभार शोधत फिरत होत्या.

बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. आल्या तशा जमिनीवर बसल्या, गुळाचा चहा प्याल्या. शालूबाई थापी कशी मारते, आतून दगडी गोटा कसा धरते, ते त्यांनी तासभर बघितलं. शालूबाई वाकून थापत होती. उजव्या हातातली थापी बाहेरून बसायची, डाव्या हातातला गोटा आतून तिला सामोरा जायचा, आणि मधली माती पातळ होत पोट धरायची. तीस वर्षांच्या ह्या कामानं तिचं डावं मनगट उजव्यापेक्षा जाड झालं होतं.

बाईंनी वही काढली. "नवीन माठ घरी नेल्यावर काय काय करायचं, सगळं सांगा. मी लिहून घेते. प्रत्येक भांड्याबरोबर चिठ्ठी देणार आहे."

आपलं बोलणं कुणी लिहून घेतं आहे, हे शालूबाईला नवीन होतं. तिनं पदर सावरला.

"पयला दिस काठोकाठ पानी भरायचं आनि सांडून द्यायचं. दुसऱ्या दिशी बी तसंच. मातीचा वास जातू, आंग भिजतंय. तिसऱ्या दिशी प्यायचं. साबन लावायचा न्हाई, लागला तर जल्मभर वास जात न्हाई. खालनं पाझारला तर गळतूय म्हनून बोंबलायचं न्हाई. त्यो पाझारतूय म्हून पानी गार हुतंय."

बाईंनी सगळं लिहिलं. मग वीस माठ ठरवले. ठरवताना नुसत्या डोळे बारीक करून बघत होत्या.

"आवं, वाजवून तर घ्या," शालूबाई हसून म्हणाली. "डोळ्याला काय कळतंय?"

बाईंना गंमत वाटली. त्या टिचकी मारत मारत एकेका माठावरून पुढं गेल्या आणि तशाच भिंतीपाशी पोचल्या. तिथं थांबल्या. तिथल्या मडक्यांवर सकाळचं ऊन होतं. गेरू नसल्यानं थापीचा प्रत्येक मार दिसत होता.

"अहो, हे तर सगळ्यांत सुंदर आहे," म्हणत त्यांनी टिचकी मारायला बोट वाकवलं.

शालूबाईनं धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. मातीचा हात होता. बाईंच्या गोऱ्या मनगटावर चारही बोटं उमटली.

"त्याला हात लावू नका. ते इकायचं न्हाई."

बाई चरकल्या. मनगट सोडवून त्यांनी रुमालानं पुसलं. "का? काय आहे त्यात?"

शालूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नाथाजी मातीकडं बघत होता. पहिल्यांदा दारात आलेली सवाष्ण, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या तोंडावर तो शब्द कसा काढायचा?

"ते ज्याचं त्याला जातंय," शालूबाई म्हणाली.

"म्हणजे ऑर्डरचं आहे?"

"तसंच म्हना," नाथाजी म्हणाला.

"कुणाची ऑर्डर?"

"गावाची."

"मग मलाही तसलीच पाच करून द्या की."

"तसली कुनी सांगून करून घेत न्हाई, ताईसाब."

बाई हसल्या. चांगला माल माणूस लपवून ठेवतो आणि भाव वाढवतो, हे त्यांना ठाऊक होतं. कुंभारही आता हुशार झालेत, असं त्यांना वाटलं असणार. त्या जीपमध्ये बसल्या. 'तसंच म्हना' ह्या दोन शब्दांनी पुढं नाथाजीला किती दिवस झोप लागली नाही, ते त्यालाच माहीत.

आठ दिवसांनी नवराबायको गाढवं घेऊन तळ्यावर माती आणायला गेली होती. परत यायला दुपार टळली. लिंबाखालचे वीस माठ गेलेले होते. ते ठरलेलंच होतं. पण शालूबाई गाढवाची गोणी उतरवता उतरवता थांबली. भिंत मोकळी होती. पाचही मडकी नव्हती. त्यांच्या जागी दगडाखाली पन्नास रुपयांची नोट फडफडत होती.

शेजारची धोंडुबाई आपल्या दारात दाणे निवडत बसली होती.

"जीपवाला मदन आलता. त्यानं न्हेली," ती म्हणाली. "मला वाटलं तुमीच सांगितलं आसंल."

"आगं, इचारायचं तरी."

"त्या मडक्याचं कसं इचारायचं, शालू? आनि त्यो तर पेंढ्यात गुंडाळून न्हेत हुता. बाईनं मुद्दाम सांगितलंय म्हनला, ही नोट पयली उचल."

शालूबाईनं नोट उचलली नाही. नाथाजीनं उचलली आणि कुठं ठेवावी ते न कळून तशीच हातात धरून राहिला.

"चोरी म्हनावी तर पैसं ठेवल्यात," तो म्हणाला.

"मग चोरी न्हवं तर काय? मी मनगट धरलं हुतं तिचं. मनगट! आजून काय करायला पायजे हुतं?" शालूबाईचा आवाज चढला. "इकायचं न्हाई म्हनलं तर न्हाई. ह्येंच्याकडं पैसा आला म्हंजी न्हाई म्हनायचा आमचा हक बी ह्येंनी इकत घेतला का?"

 भांडत बसायला वेळ नव्हता. पाटलाच्या वाड्यामागं राहणारे आप्पासो पंधरा दिवसांपासून अंथरुणाला खिळलेले होते. कालपासून त्यांनी पाणी सोडल्याचं धोंडुबाईनंच सांगितलं होतं. ऐंशीच्या पुढचा माणूस.

माती त्याच दुपारी भिजत घातली. एरवी ती दोन दिवस मुरवायची, पण नाथाजीनं रात्र उलटताच तुडवायला घेतली. लीद, राख, माती. पायाच्या टाचा भेगाळलेल्या, त्यांत राख जाऊन चुणचुणायचं. तो तुडवत राहिला. पहाटे चाक फिरवलं. पाच जाड गोळे काढून दिले. सावलीत थोडे आळल्यावर शालूबाई थापायला बसली. ही घाईनं करायची मडकी नव्हती. घाईनं थापलं तर चीर राहते आणि ती आव्यात उघडते. तिला हात आवरायला लागत होता आणि मनात आप्पासो होते. मधूनच ती पुटपुटायची, "आप्पासो, आठ दिस दम धरा. आठच दिस."

आप्पासोंनी तीन दिवस धरला.

चौथ्या सकाळी शालूबाई शेणानं अंगण सारवत होती. सावली पडली म्हणून तिनं मान वर केली. आप्पासोंचा थोरला मुलगा नानासो समोर उभा होता. पलटणीत वीस वर्षं काढून हवालदार होऊन आलेला, ताठ, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, पायांत काही नाही. तो रिकाम्या भिंतीकडं बघत होता. बोलायचं नाही म्हणून बोलत नव्हता.

शालूबाई सारवलेल्या हातांनी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती उठली आणि तिला कुठं जायचं ते कळलं नाही.

सावलीत पाच मडकी होती. ओली. बोट लावलं तर बोट उमटलं असतं. लिंबाखाली वीस माठ होते, चांगले भाजलेले. पण त्यांतल्या प्रत्येकाला तिनं स्वतः टिचकी मारलेली होती. वाजवलेलं मडकं मयताला चालत नाही. ती माठांकडं बघायची आणि सावलीकडं बघायची. नानासो उभाच.

शेवटी तोच बोलला. त्या अंगणात त्या कामाला आलेला माणूस कधी बोलला नव्हता.

"वैनी, मडकं?"

शालूबाईला वाटलं, जमीन दुभंगावी. नाथाजी घरातून बाहेर आला. त्यानं काही न बोलता सायकल काढली. "नानासो, तुमी चला. मी घिऊन येतो," एवढं म्हणून तो पायडल मारत सुटला. शेजारच्या गावचा कुंभार पाच मैलांवर. त्या वाटेवर खडी टाकलेली होती. चाक पंक्चर झालं तेव्हा तो सायकल खांद्यावर घेऊन पळाला. तिथल्या कुंभारानं मडकं जमिनीवर ठेवलं आणि रीत मोडून विचारलंच, "तुमच्यात न्हाई व्हय?" नाथाजीनं मान खाली घातली.

आप्पासोंना नऊ वाजता उचलायचं होतं. बारा वाजले. वैशाखाचं ऊन. तिरडी अंगणात, बायका पदरांनी वारा घालत होत्या, माणसं सावली शोधत होती. आणि माणसं नुसती बसली की बोलतात.

"कुंभारानं मडकी सांगलीला इकली म्हनं."

"पन्नास रुपय मिळालं. धोंडुबाईनं बगितलं."

"पैशाला भुलला. मयताचं बी इकाय लागला."

शालूबाई बायकांच्या मागं उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं. कुणी तिला बाजूला हो म्हणालं नाही, कुणी बस म्हणालं नाही. नाथाजी एक वाजता आला. धुळीनं पांढरा, सदरा घामानं चिकटलेला. त्यानं मडकं जमिनीवर ठेवलं. नानासोनं उचललं, आणि जाता जाता खालच्या आवाजात म्हणाला, "नाथा, बाप तापला रं माझा उनात." एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या दहा दिवसांत शालूबाई कुणाच्या दारात गेली नाही. मडकी वाळली, आवा लावला, उघडला. पाच मडकी भिंतीवर पालथी घातली. ती घातल्याशिवाय तिनं गाव सोडलं नाही. अकराव्या दिवशी तिनं नोट पदराच्या गाठीत बांधली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला सांगलीला."

"जाऊन काय करायचं? झालं ते झालं."

"माझ्या सासूनं चाळीस वर्सं ह्या भिंतीवरनं गाव पोचीवलं. तिच्या घराला मयत इकनारी म्हनत्यात. आनि तुमी म्हनता झालं?" ती चालायला लागली. तो मागोमाग गेला.

विट्याला एसटी बदलली, तासगावला चहा घेतला, सांगलीत उतरून शहराच्या बसनं विश्रामबागेत पोचेपर्यंत दुपार झाली. बंगल्याच्या फाटकावर मदन भेटला. शालूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पाठीमागच्या दारानं जा म्हणायला आला होता, ते न म्हणताच बाजूला झाला.

दिवाणखान्याच्या दारातच भिंतीवरलं एक मडकं होतं. सागवानी तिवईवर, खाली जाळीचा रुमाल, आत मोरपिसं आणि वाळकी कणसं खोवलेली. गळ्यात लाल दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती. नाथाजी चौथी शिकलेला. शालूबाईनं त्याला ढोसलं, "माजं सांगितल्यालं लिवलंय न्हवं? वाचा."

नाथाजीनं अक्षरं जुळवली. "हा-त-का-माची शो-भे-ची व-स्तू. पाणी भ-रू नये."

"फुडं?"

"फुडं बाईचं नाव हाय. झालं."

"पानी भरू नये?" शालूबाईनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा वाचलं. तेच होतं.

तेवढ्यात विजयमालाबाई आल्या. खरंच आनंदानं आल्या. "अरे, तुम्ही! बसा ना. शालूबाई, तुमची ती मडकी लोकांना इतकी आवडली! दोन तर पहिल्याच दिवशी गेली. एक डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवायला नेलं, एक एकीनं भाचीच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. ही तीनच राहिलीत. हे मी विकणारच नाही, घरात ठेवलं."

दवाखान्यात आणि लग्नात. नाथाजीनं कपाळाला हात लावला. शालूबाईनं पदराची गाठ सोडली आणि नोट तिवईवर ठेवली.

"तुमचं पैसं. मडकी द्या."

बाईंचा चेहरा बदलला. "कमी वाटले का? तसं सांगा ना. एवढ्या लांब यायचं काय कारण होतं?"

"ताईसाब, तसं न्हाई..." नाथाजी पुढं झाला.

"तुमी गप ऱ्हावा," शालूबाई म्हणाली. "तुमचं 'तसंच म्हना' लय झालं." मग ती बाईंकडं वळली. "ह्ये मयताचं मडकं हाय. गावात मानूस मेला की ह्ये खांद्यावर जातंय. तुमी न्हेली आनि आमच्या गावात मानूस मेला. त्येचं मढं चार तास उनात ऱ्हायलं. कुंभारानं मयत इकलं म्हनत्यात आमाला. तुमी त्यात कनसं लावली."

बाई खुर्चीत बसल्या.  मग त्यांचा गोरा चेहरा लाल झाला. "आणि हे आत्ता सांगता? मी स्वतः विचारलं होतं. ऑर्डरचं आहे म्हणालात तुम्ही! सरळ एक शब्द सांगता येत नव्हता?"

"न्हाई म्हनलं हुतं. न्हाई ह्यो शब्द न्हवं?"

"मला कसं कळणार? तुमच्या ह्या अडाणी समजुती..." बाईंनी एकदम आवाज खाली आणला. "आणि हळू बोला. माझा विश्वास नाही ह्यावर. पण आत सासूबाई आजारी आहेत. पंधरा दिवस झाले, अन्न घेत नाहीत. डॉक्टरांना काही सापडत नाही. त्यांच्या कानावर हे गेलं तर..."

"कोन हाय गं? कुंभारीन आली का?"

आवाज शेजारच्या खोलीतून आला. दार सताड उघडं होतं. आत पलंगावर एक म्हातारी उशीला टेकून होती. हातांची नुसती काटकं राहिलेली. तिच्या नजरेसमोर नेमकी ती तिवई येत होती.

शालूबाई दारात गेली. "व्हय आई. मी त्या मडक्याची कुंभारीन."

"बस," त्या सासूबाई, सुलाबाई, म्हणाल्या. "मी बी खटाव भागातलीच. आनलं त्या दिशीच वळखलं मी ते. गेरू न्हाई, काठ कापल्याला न्हाई." त्यांनी दम घेतला. "म्हनलं, पोरांनी तयारी करून ठेवली. शेरात येळंला मिळत नसंल. दादासो रोज त्येच्याकडं बगून हापिसात जातूय. मला काय कुनी बोललं न्हाई. मी बी इचारलं न्हाई. आनून ठेवलंयच तर मग कशाला लांबवायचं, म्हनलं."

विजयमालाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. "आई, काय बोलताय हे? आम्ही... मला माहीतच नव्हतं हो."

म्हातारीनं सुनेकडं बघितलं, पण त्या बघण्यात विश्वास नव्हता.

शालूबाईच्या अंगाचा जाळ झाला. पंधरा दिवस! एका घरात राहायचं, एकाच दारातून जायचं-यायचं, आणि म्हातारी कशानं जेवत नाही ते कुणाला कळू नये? चार अक्षरं लिहायला येतात, चिठ्ठ्या छापता येतात, आणि शेजारच्या खोलीत विचारता येत नाही? पण रागाच्या त्या भरातच तिला आठवलं, की आपणही त्या दिवशी अंगणात तो शब्द गिळला होता. तो गिळलेला शब्द इथं येऊन म्हातारीच्या पलंगासमोर बसला होता.

ती उठली. दिवाणखान्यात जाऊन तिनं कणसं आणि मोरपिसं उपसून जमिनीवर टाकली. चिठ्ठीचा दोरा दातानं तोडला. मडकं घेऊन आली आणि म्हातारीच्या पलंगाजवळ बसली. नाथाजीला तिचा बेत कळला. "आगं, आगं," तो म्हणाला, "तसलं कुनी..."

शालूबाईनं बोट वाकवलं. बोट जवळ जाऊन थांबलं. तीस वर्षांत ह्या मडक्यावर ते कधी पडलं नव्हतं. मग तिनं टिचकी मारली.

खण्ण.

खोलीभर आवाज गेला आणि कितीतरी वेळ राहिला. तिनं आजवर हजारो माठ वाजवले होते. त्यांतला एकही असा वाजला नव्हता. तिची तीच चकित होऊन बघत राहिली. एवढं चांगलं काम ती सगळा जन्म न ऐकता देत आली होती, आणि ह्या बाईनं त्यात वाळकी कणसं लावली होती.

"बगा आई," ती म्हणाली. "वाजीवलं. वाजीवलेलं मडकं त्या कामाला चालत न्हाई, तुमाला ठावं हाय. आता ह्यो माठ झाला. प्यायच्या पान्याचा."

सुलाबाईंनी हळूच हात उचलला आणि काठावरून बोट फिरवलं. "पुन्यांदा वाजीव," त्या म्हणाल्या. शालूबाईनं पुन्हा वाजवलं.

"ताईसाब, पानी आना," शालूबाई मागं न बघता म्हणाली.

विजयमालाबाईंनी स्वतः कळशी आणली. मडकं काठोकाठ भरलं. माती पाणी प्यायला लागली, तसा पहिल्या पावसासारखा नव्हे, तर नव्या आव्याचा, राखेचा करकरीत वास सुटला. म्हातारीनं भांड्यासाठी हात पुढं केला.

"आज न्हाई," शालूबाईनं हात अडवला. "आजचं पानी सांडायचं. उद्याचं बी. परवापासनं प्यायचं. वहीत लिवलंय ताईसाबांनी समदं, त्यांना इचारा."

"परवा?" सुलाबाई म्हणाल्या.

"परवापतूर थांबावंच लागतंय. त्येला इलाज न्हाई."

म्हातारी उशीवर जरा वर सरकली. मग कुरकुरली, "परवापतूर काय उपाशी ऱ्हाऊ व्हय? भाकरीचा काला तरी कर म्हनावं हिला."

विजयमालाबाई रडायला लागल्या आणि रडत रडतच स्वयंपाकघराकडं वळल्या. शालूबाईनं त्यांना दारात गाठलं. तिचा राग गेला नव्हता आणि तो लपवायचंही तिला कारण नव्हतं.

"मोटारखान्यातली दोन मी वाजवून जाते. ऱ्हायली डॉक्टरची आनि लग्नातली. त्या दोन घरांत तुमी जायचं आनि वाजवून यायचं. आनि पुढच्या सुगीच्या आत एकदा आमच्या गावात येऊन नानासोच्या दारात सांगायचं, की कुंभारानं इकलं न्हाई, मी उचललं."

"गावात येईन मी," बाई म्हणाल्या. "पण डॉक्टरांना काय म्हणून सांगू?"

"शोभेचं हाय, वाजवून बगायला आले म्हनून सांगा. चिठ्ठीत तसंच लिवलंय न्हवं?"

बाईंनी चहाचं विचारलं. शालूबाईनं नको म्हटलं. मोटारखान्यात जाऊन तिनं दोन टिचक्या मारल्या, त्या चिठ्ठ्याही तोडल्या, आणि नवऱ्याला पुढं घालून फाटकाकडं निघाली. असलं मडकं ठेवलं की पाठ फिरवायची आणि मागं बघायचं नाही, ही पायांची सवय. ती तशीच ताठ चालली होती.

फाटकाशी पोचली तेव्हा आतून आवाज आला. बारीक, अशक्त बोटाची टिचकी. मग आणखी एक.

शालूबाई थांबली आणि मागं वळली. वाजणाऱ्या मडक्याकडं बघायला हरकत नव्हती.